दक्षिणेकडे उघडणारे दार

‘भटका’ हा शब्द आपल्या मराठीत फारशा मानाने वापरला जात नाही. ज्याला शेत नाही, सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही, ज्याचा मुक्काम आज एका माळावर तर उद्या दुसऱ्या, तो भटका. पावसाळा सरला की धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात येतात. त्यांच्या मेंढ्या आपल्या शेतात बसाव्यात, लेंडीखत मिळावे, अशी प्रत्येक शेतकऱ्याची इच्छा असते. परंतु त्या मेंढ्यांमागून येणाऱ्या माणसांकडे गाव थोड्या संशयानेच पाहते. हाच शब्द मनात घेऊन २०२४ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस मी मंगोलियात गेले आणि तीन आठवड्यांनी परतताना त्या शब्दाच्या जागी दुसरा कोणता शब्द वापरता येईल, याचा शोध घेत होते. तो मला अद्याप सापडलेला नाही.

मंगोलिया महाराष्ट्राच्या पाचपट मोठा आहे आणि त्याची लोकसंख्या आहे अवघी पस्तीस लाखांच्या आसपास. त्यांतील जवळजवळ निम्मी माणसे उलानबातर या राजधानीत राहतात. उरलेल्या अफाट प्रदेशात वाळवंट, डोंगर, गवताळ पठारे आणि त्यांवर विखुरलेले पशुपालक. ही माणसे दिशाहीन हिंडत नाहीत. प्रत्येक कुटुंबाचे वर्षाचे वर्तुळ ठरलेले असते. हिवाळ्यात डोंगराच्या कुशीत, वारा अडेल अशा जागी, लाकडाचे किंवा दगडांचे गोठे असतात. पिढ्यान्पिढ्या तीच जागा. वसंतात पिल्ले जन्मतात तेव्हा दुसरी जागा, उन्हाळ्यात नदीकाठ, शरदात गुरे पुष्ट व्हावीत म्हणून तिसरीकडचे गवत. एका कुरणावर मुक्काम असतो तेव्हा दुसरे कुरण विसावा घेत असते. आपण जमीन पडीक ठेवून तिला विश्रांती देतो; हे लोक स्वतःच उठून जातात आणि जमिनीला विश्रांती देतात. १९९२च्या राज्यघटनेनुसार तेथील कुरणाची जमीन कोणाच्याही खाजगी मालकीची होऊ शकत नाही. वाचकहो, एवढ्या मोठ्या देशात हजारो मैल प्रवास करावा आणि वाटेत एकही कुंपण आडवे येऊ नये, ही गोष्ट आपल्यासारख्या बांधावरून भांडणाऱ्या माणसांना प्रत्यक्ष पाहिल्यावाचून पटत नाही.

आम्ही पाच जण होतो, बहुतेक निवृत्त शिक्षक. बरोबर एक तरुण दुभाषी आणि पन्नाशीचा चालक. वाहन जुन्या रशियन बनावटीचे, पावाच्या लादीसारख्या आकाराचे. उलानबातरपासून दक्षिणेला सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर दालानझादगाद हे गोबीतील मुख्य शहर लागते. तोवर डांबरी रस्ता. तेथून पुढे मात्र रस्ता हा चालकाच्या डोक्यात. पाटी नाही, खूण नाही. वाटेत एखाद्या टेकाडावर दगडांची रास दिसे. तिला ‘ओवो’ म्हणतात. तेथे चालक गाडी थांबवून उतरे, उजवीकडून तीन प्रदक्षिणा घाली, राशीवर एक दगड ठेवी आणि पुन्हा गाडीत येऊन बसे.

गोबी म्हणजे वाळूचा समुद्र, अशी आपली शाळेतील भूगोलाच्या पुस्तकावरून झालेली कल्पना. प्रत्यक्षात त्याचा बहुतांश भाग दगडगोट्यांचा आणि विरळ काटेरी झुडपांचा आहे. वाळू आहे ती ठिकठिकाणी, आणि आहे तेथे ती आपले सगळे वैभव दाखवते. खोंगोरच्या टेकड्या सुमारे शंभर किलोमीटर लांब पसरल्या आहेत. वारा सुटला की वाळू घसरते आणि दूरवर विमान चालल्यासारखा घनगंभीर आवाज येतो. योलिन आम नावाच्या अरुंद दरीत याच वाळवंटाच्या काठावर, भर उन्हाळ्यातही आम्हांला सावलीत बर्फ आढळला. ‘योल’ म्हणजे दाढीधारी गिधाड; त्याच्या नावाने ही दरी ओळखली जाते. बायनझागच्या तांबड्या कड्यांपाशी १९२३ साली अमेरिकन संशोधकांना डायनोसॉरची अंडी घरट्यांसह सापडली. संध्याकाळी ते कडे खरोखर पेटल्यासारखे दिसतात.

परंतु गोबीतून मी मनात जपून आणले ते एक ऐकीव दृश्य. वसंतात उंटीण विते. कधी बाळंतपण अवघड जाते आणि ती पिल्लाला जवळ येऊ देत नाही. पिल्लू उपाशी मरणार, हे दिसत असते. अशा वेळी घरातील स्त्री पिल्लाला तिच्या शेजारी उभे करते आणि एकच शब्द आळवीत तासन्तास गाते. कोणी घोड्याच्या केसांच्या तारांचे वाद्य वाजवतो. हळूहळू उंटीण शांत होते, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागते आणि ती पिल्लाला पाजते. २०१५ साली युनेस्कोने या प्रथेची नोंद तातडीने जतन करण्याच्या परंपरांच्या यादीत केली. आम्ही गेलो तेव्हा वीण संपली होती. पण ज्या बाईने आम्हांला हे सांगितले तिने ते सूर हलकेच म्हणून दाखवले. शेजारी बांधलेल्या उंटिणीने मान वळवून तिच्याकडे पाहिले.

गोबीतून उत्तरेला खंगाई पर्वताकडे निघालो, तेव्हा वाटेत आर्वाइखेर हे जिल्ह्याचे गाव लागले. योगायोगाने तो रविवार होता. मंगोलियात कॅथलिकांची संख्या दीड हजाराच्या आसपास. १९९२ साली तीन मिशनरी तेथे गेले, त्याआधी आधुनिक काळात तेथे आपली ख्रिस्तसभा नव्हतीच. आर्वाइखेरला प्रार्थनामंदिर आहे ते ‘गेर’मध्ये, म्हणजे पशुपालकांच्या गोल, लोकरीच्या जाड नमद्याने मढवलेल्या घरात. कार्डिनल जॉर्जो मारेंगो यांनी येथेच अनेक वर्षे सेवा केली. २०२३च्या सप्टेंबरमध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस मंगोलियाला गेले, तेव्हा एवढ्या लहान कळपासाठी एवढा लांबचा प्रवास का, असे अनेकांना वाटले होते. त्या गोल घरात पन्नासएक माणसांबरोबर मिस्सा ऐकताना तो प्रश्न माझ्या मनात उरला नाही. मधोमध शेगडी होती आणि छताच्या वर्तुळातून येणारा उन्हाचा कवडसा मिस्साभर हळूहळू सरकत होता.

खंगाईच्या पायथ्याशी ओरखोन नदीचे खोरे आहे आणि तेथेच काराकोरम, चंगीझखानाच्या वंशजांची राजधानी. आज तेथे एर्देने झू हा मठ आणि काही दगडी कासवे उरली आहेत. १२५४ साली रुब्रुकचा विल्यम हा फ्रान्सिस्कन संन्यासी येथे पोहोचला होता. फ्रान्सच्या नवव्या लुई राजाने दिलेले पत्र घेऊन, पुष्कळदा उपाशीपोटी आणि थंडीने गारठून त्याने हा प्रवास केला. त्याचा वृत्तांत आजही वाचनीय आहे. घोडीचे आंबवलेले दूध प्रथम प्यायल्यावर आपल्याला घाम फुटला, पण त्याची चव मात्र आवडली, असे त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. पावणेआठशे वर्षांनंतर तोच वाडगा माझ्या हाती आला आणि माझीही अवस्था त्याहून निराळी झाली नाही.

तो वाडगा हाती आला तो मुक्काम ठरलेला नव्हता. खंगाईत दुपारी जोराचा पाऊस झाला, ओढा फुगला आणि आमचे वाहन अलीकडेच अडकले. दूर एक पांढरे गेर दिसत होते. चालक तिकडे वळला आणि पन्नास पावलांवरून ओरडला, “नोखोइ खोर!” याचा अर्थ ‘कुत्रा आवरा’. त्या मुलखात दारावर टकटक करीत नाहीत. ही आरोळी म्हणजेच टकटक. कुत्रा आवरला गेला आणि आम्ही सात जण आत शिरलो. आम्ही कोण, कोठले, किती दिवस राहणार, हे कोणीही विचारले नाही. प्रथम चहा आला, मीठ आणि दूध घातलेला. मग आरूल, म्हणजे दह्याचा घट्ट वाळवलेला चक्का. तो खाऊन झाल्यावर घरधन्याने विचारले ते एवढेच की, तुमचा उन्हाळा सुखाचा चालला आहे ना?

गेरचे दार नेहमी दक्षिणेला असते. आत शिरताना उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. पश्चिमेची बाजू पुरुषांची आणि पाहुण्यांची, पूर्वेची स्त्रियांची आणि चुलीभांड्यांची, आणि दारासमोरची उत्तरेची जागा मानाची, वडीलधाऱ्यांची. मधल्या दोन खांबांच्या मधून जायचे नाही, काही द्यायचेही नाही. छताच्या वर्तुळातून आलेले ऊन कोणत्या बाजूवर पडले आहे, हे पाहून वेळ कळते. सगळे घर तासाभरात उतरवून बांधता येते. त्यामुळे घरात अनावश्यक अशी वस्तू नसतेच. आमच्या घरातील कपाटे मला त्या रात्री एकेक करून आठवली.

आमचा मुक्काम दोन रात्रींचा झाला. घरात पाच माणसे होती. सत्तरी ओलांडलेली आजी, तिचा मुलगा, सून आणि दोन नातू. आजीला मंगोल भाषेत ‘एमे’ म्हणतात. आम्हीही तिला एमेच म्हणू लागलो. स्त्री म्हणून मला पूर्वेच्या बाजूला बसता आले आणि तेथून या जीवनाचे कष्ट जवळून दिसले. सून पहाटे याकगायींच्या धारा काढी. घोड्यांच्या हंगामात घोड्या दर दोन तासांनी पिळाव्या लागतात. नवरा शिंगरू धरून उभा राहतो आणि बायको धार काढते. कातडी बुधल्यात ते दूध रवीने घुसळतात, शेकडो वेळा. दारातून आत येणारा प्रत्येक जण जाता-येता दोन-चार हात मारून जातो. चुलीला वाळलेले शेण. ते वेचायचे, वाहायचे, साठवायचे. दिवसभरात ती सून बसलेली मी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेरच्या मागील बाजूस गेले. तेथे कातड्यांची चळत रचलेली होती, माझ्या खांद्याएवढी उंच. मी दुभाष्याला विचारले. तो म्हणाला, “झुद.”

झुद म्हणजे जनावरांचा संहार करणारा हिवाळा. त्याचे अनेक प्रकार या लोकांच्या भाषेत आहेत. बर्फ इतके पडते की खुरांनी उकरून गवत सापडत नाही, तो पांढरा झुद. बर्फ मुळीच पडत नाही आणि जनावरांना पाणी मिळत नाही, तो काळा झुद. सर्वांत वाईट तो, ज्यात बर्फ मध्येच वितळते आणि पुन्हा गोठून गवतावर काचेसारखा थर धरते. जनावर समोर गवत पाहते आणि उपाशी मरते. आधीचा उन्हाळा कोरडा गेला असेल तर जनावरे हिवाळ्यात शिरतानाच हाडकुळी असतात. २००९-१०च्या झुदमध्ये सुमारे एक कोटी जनावरे मेली. २०२३-२४च्या हिवाळ्यात सत्तर लाखांहून अधिक. एमेच्या मुलाची शेळ्यामेंढ्या मिळून पाचशेच्या घरात होती. उरली होती नव्वद.

निसर्गाचा कोप म्हणून हे सगळे सोडून देता येत नाही. १९९०च्या सुमारास साम्यवादी राजवट संपली, सहकारी कळप मोडून जनावरे कुटुंबांना वाटली गेली. कारखाने बंद पडल्याने शहरातील अनेकांनीही कळप धरला. रोख पैसा मिळे तो शेळीच्या अंगावरील मऊ लोकरीतून, जिला आपण कश्मिरी लोकर म्हणतो. वसंतात शेळी विंचरून एका शेळीमागे पाव किलोच्या आसपास ती मिळते. तेव्हा शेळ्या वाढल्या. १९९० साली देशात सुमारे अडीच कोटी जनावरे होती. २०१९ साली ती सात कोटींवर गेली. गवत मात्र तेवढेच, किंबहुना उष्णता वाढल्याने कमीच. मुलांची शाळा, मोटारसायकल, औषधपाणी यांसाठी बँकेचे कर्ज, आणि त्याला तारण कळपच. कळप मेला तरी कर्ज जिवंत राहते. आपल्याकडील शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

आणि अशा घरात आम्ही सात माणसे दोन दिवस जेवत होतो. दुसऱ्या संध्याकाळी घरधन्याने एक मेंढी कापली. नव्वदांतील एक. मी दुभाष्याकडून निरोप दिला की, आमच्याजवळ शिधा आहे, कृपा करून हे करू नका. घरधनी ऐकून घेऊन कामाला लागला. उत्तर एमेने दिले. ती म्हणाली, “जानेवारीत माझा मुलगा हरवलेले घोडे शोधायला गेला आणि वादळात सापडला. तीन रात्री दुसऱ्यांच्या गेरमध्ये राहिला. त्यांनी त्याला मोजून जेवण दिले असते, तर तो आज मेंढी कापायला नसता.”

माझे शिक्षण मिशनच्या शाळेत झाले. उत्पत्तीच्या पुस्तकातील आब्राहामाची कथा मी लहानपणापासून ऐकत आले आहे. भर दुपारी तंबूच्या दारात बसलेला तो वृद्ध पशुपालक तीन अनोळखी वाटसरूंना पाहून धावत जातो, वासरू कापतो, दही आणि दूध पुढे ठेवतो. त्याच्या थोर मनाची ती साक्ष, असे आम्हांला शिकवले गेले आणि तसेच मी पुढे शिकवले. एमेच्या शेजारी बसून मला त्या कथेची आणखी एक बाजू दिसली. आब्राहामाने केले ते त्या मुलखातील प्रत्येक तंबूत घडत असले पाहिजे. उघड्या माळावर जगायचे तर अनोळखी माणसाला आत घेणे हा कायदाच असतो. आज मी तुला, उद्या कोणी माझ्या मुलाला. परमेश्वर आला तो या रोजच्या, पायाखालच्या वाटेने. त्या दिवशी आब्राहाम काही विशेष करीत नव्हता, म्हणूनच तो पाहुण्याला चुकला नाही.

पण मग आमच्यासारख्यांचे काय? हा विचार मला त्या रात्री झोपू देईना. या वर्तुळात प्रत्येक जण कधी ना कधी यजमान होतो. आम्ही पर्यटक मात्र आत येतो, खातो, छायाचित्रे घेतो आणि निघून जातो. एमेचा नातू वसईच्या वादळात सापडण्याची शक्यता नाही. सकाळी आम्ही पैसे पुढे केले. ते घेतले गेले नाहीत. तेव्हा आम्ही जवळचे तांदूळ आणि साखर एमेच्या मोठ्या वाडग्यात भरून दोन्ही हातांनी दिले. मी माझा एक डबाही दिला. निघताना डबा परत आला तो आरूलने भरलेला. रिकामे भांडे परत देऊ नये, ही रीत तेथेही आहे. माझ्या आईने शेजारणीची वाटी कधी रिकामी पाठवली नाही, निदान चिमूटभर साखर तरी.

शेवटच्या सकाळी एमेने मला प्रश्न विचारले. तुझी जनावरे किती? मी म्हटले, एकही नाही. पूर्वी घरी गाई होत्या. मग दूध? पिशवीतून विकत घेतो. तिने यावर थोडा विचार केला. मग पाहुणे आले की काय देता? मी चहा, फराळ वगैरे सांगितले. वाटेने जाणारे आत येतात का? मी म्हटले, आमच्याकडे पाहुणे आधी फोन करून येतात. एमेजवळही फोन होता, सौर तबकडीवर चार्ज होणारा. तरीही ती हसता हसता डोळे पुसू लागली. “ज्याची वाट माहीत आहे तो घरचाच झाला,” ती म्हणाली. “पाहुणा कोण येतो तुमच्याकडे?”

मला उत्तर देता आले नाही. आम्ही निघालो तेव्हा ती दारात उभी राहून लाकडी पळीने आमच्या गाडीच्या दिशेने दूध शिंपडत होती. वाट सुखाची व्हावी म्हणून.

परतीच्या वाटेवर उलानबातरच्या उत्तरेकडील टेकड्या पाहिल्या. झुदमध्ये कळप गमावलेली कुटुंबे आपले गेर उतरवून येथे आणतात आणि पुन्हा उभे करतात. तेच गोल घर, तेच दार. येथे आल्यावर मात्र प्रत्येक कुटुंब पहिले काम करते ते फळ्यांचे उंच कुंपण घालण्याचे. टेकडीवर टेकडी, कुंपणाला लागून कुंपण. पाणी सार्वजनिक ठिकाणाहून आणायचे आणि हिवाळ्यात कोळसा जाळायचा. त्या धुराने हे शहर झाकोळून जाते. एमेचा धाकटा मुलगा तेथेच राहतो. आम्ही त्याला आईचा निरोप आणि सुक्या मांसाची पिशवी द्यायला गेलो. फळ्यांच्या फाटकाला आतून कडी होती. चालकाने सवयीने आरोळी ठोकली, “नोखोइ खोर!” आतून कुत्रा भुंकला, कडी निघायला बराच वेळ लागला. त्या तरुणाचा चेहरा मात्र आईचा निरोप ऐकून उजळला. थोरला भाऊ शरदापर्यंत ठरवणार आहे, त्याने सांगितले. राहायचे की इकडे यायचे.

ऑक्टोबरात दुभाष्याचे पत्र आले. कुटुंब हिवाळ्याच्या जागी गेले आहे. स्वतःच्या जनावरांबरोबर गावातील एका मालकाची दोनशे मेंढरे मजुरीने राखायला घेतली आहेत. थोरला नातू शाळेच्या वसतिगृहात राहतो. कर्जाचे पुढे काय होणार, हे या हिवाळ्यावर अवलंबून आहे. शेवटी एक ओळ होती: एमेने विचारले आहे, पावसात अडकलेले कोणी तुमच्या दारी आले का?

आमच्या आळीतही आता प्रत्येक वाडीला भिंत आहे आणि भिंतीला लोखंडी फाटक. पूर्वी विहिरीवर येणारी-जाणारी माणसे आमच्या ओट्यावर टेकत, पाणी पीत. मी दुभाष्याला लिहिले: अजून नाही, पण पुढचा पावसाळा यायचा आहे.